अण्णा आणि अकरावं प्रकरण

मी ज्या प्रकारच्या कादंबऱ्या लिहितो, त्यांना मराठीत अजून धड नाव मिळालेलं नाही. माझे पुण्याचे प्रकाशक त्यांना ‘टेक्नो-थ्रिलर’ म्हणतात आणि म्हणताना ‘थ्रि’वर असा जोर देतात, की ऐकणाऱ्याला वाटावं यात कोणीतरी मरणारच. आमच्या वाचनालयात त्या रहस्यकथांच्या कपाटात अगदी खालच्या फळीवर असतात, तिथे वाकायला लागतं म्हणून म्हातारे वाचक मला दूषणं देतात. आई त्यांना ‘मशिनांच्या गोष्टी’ म्हणते. मला आईचं नाव सगळ्यात पटतं. माझ्या कादंबऱ्यांत माणसं असतात, ती प्रेमात पडतात, एकमेकांना दगा देतात, क्वचित खूनही करतात. पण गोष्टीला खरी सुरुवात होते ती कुठलंतरी मशीन बिघडल्यावर.

आता मला लोक बेस्टसेलर लेखक म्हणतात. मराठीत बेस्टसेलर म्हणजे नेमकं काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. माझ्यापुरती खूण एवढीच, की नाशिक रोड स्टेशनजवळच्या स्टॉलवर माझं पुस्तक पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभं असतं आणि लग्नाच्या पंगतीत एखादा अनोळखी माणूस जिलबी वाढता वाढता विचारतो, की तुमच्या त्या धरणाच्या कादंबरीत शेवटी इंजिनिअर वाचतो का हो, आमच्या प्रतीतली शेवटची पानं गेली आहेत. मी सांगतो, वाचतो. तो वाचत नाही, पण जेवणाच्या पानावर कशाला सांगा.

लेखक होण्याआधी मी मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम करत होतो. पेठ तालुक्याचा सगळा डोंगराळ भाग माझ्याकडे होता. टॉवर बंद पडला की मला फोन यायचा, मग जीप काढायची, घाट चढायचा आणि डोंगरावर जाऊन बघायचं तर कधी डिझेल संपलेलं, कधी बॅटऱ्या गायब, कधी उंदरानं वायर खाल्लेली. मेकॅनिक किंवा डिझेल येईपर्यंत बसून राहणं हा त्या नोकरीतला मुख्य भाग होता. एकदा असाच टॉवरच्या पायथ्याशी बसलो असताना मनात आलं, की अख्ख्या तालुक्याचे फोन उद्या कोणी मुद्दाम बंद पाडले, तर कळणार कसं? सगळे म्हणतील, उंदीर असेल. त्या विचारानं मी इतका खूश झालो की मोबाइलवरच लिहायला सुरुवात केली. ती माझी पहिली कादंबरी. ती चालली, दुसरी जास्त चालली, आणि तिसऱ्या कादंबरीनंतर बायकोनं सांगितलं की आता जीप नको, घरी बसून काय ते बिघडव.

एक गोष्ट मी आधीच सांगतो, कारण ती माझ्या स्वभावातच आहे: तांत्रिक चूक मला सहन होत नाही. लोक माझ्या नायिकेला लाकडी बाहुली म्हणोत, मी ऐकून घेतो. पण माझ्या कादंबरीतला जनरेटर चुकीच्या आवाजात सुरू होतो असं कोणी म्हटलं की माझं जेवणावरचं लक्ष उडतं. त्यामुळे माहिती मिळवण्याची माझी एक खास पद्धत आहे. मी कोणाला प्रश्न विचारत नाही. प्रश्न विचारला की माणूस सावध होतो, साहेबांची परवानगी आणा म्हणतो. मी त्याच्यासमोर त्याच्याच कामाबद्दल काहीतरी धडधडीत चुकीचं बोलतो आणि गप्प बसतो.

धरणाच्या कादंबरीच्या वेळी दरवाजे चालवणारे एक गृहस्थ मला दारातच उभं करत नव्हते. मी नुसतं म्हणालो, “तुमचं बरं आहे, पूर आला की एक बटण दाबायचं आणि सगळे दरवाजे एकदम उघडतात.” त्यांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझा चहा गार झाला तरी ते बोलत होते. सायखेड्याला माझा चुलतभाऊ द्राक्षं लावतो. त्याच्या बागेतल्या हवामान यंत्राबद्दल मी असेच काहीतरी अकलेचे तारे तोडले, तर तो म्हणाला, “लय शाना हायेस तू,” आणि दुपारभर मला बागेतून हिंडवलं. आपल्या कामाबद्दल कोणी चुकीचं बोलत असताना गप्प बसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

म्हणजे एक सोडून. तो माणूस माझ्याच घरात राहतो. माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णा तरुणपणी सायखेड्याहून आले आणि प्रेसमध्ये लागले. नाशिक रोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कोणाच्या डोक्यात येत नाही. प्रेस म्हणजे जिथे देशाच्या नोटा छापतात ती. आमच्या लहानपणी सगळी वस्ती तिच्या भोंग्यावर चालायची. भोंगा झाला की घरोघरचे वडील बाहेर पडायचे, भोंगा झाला की परत यायचे. आत जाऊन ते काय करायचे, हे मात्र कोणत्याही घरात कोणालाही माहीत नसायचं. नोकरीला लागताना दिलेला शब्द होता आणि तो सगळे पाळायचे. शाळेत ‘माझे वडील’ असा निबंध आला तेव्हा निम्म्या वर्गानं एकच वाक्य लिहिलं होतं: माझे वडील प्रेसमध्ये जातात व परत येतात. बाईंनी सगळ्यांना सारखेच मार्क दिले. आईला विचारलं, तर ती म्हणायची, “डबा रिकामा येतो, एवढं मला ठाऊक.”

अण्णा निवृत्त झाले, मी लेखक झालो, आणि मला वाटलं आता काय हरकत आहे. मी माझी युक्ती त्यांच्यावर चालवून पाहिली. एकदा उपासाच्या दिवशी सगळे खिचडी खायला बसलो असताना मी सहज आवाजात म्हणालो, की नोटांची शाई म्हणे रात्रभर भिजत घालतात, साबुदाण्यासारखी. अण्णांनी घास संपवला. पाणी प्यायले. मग म्हणाले, “साबुदाण्यात पाणी बेतानं घालायचं, नाहीतर त्याचा गिच्च गोळा होतो.” आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसू दाबत स्वयंपाकघरात गेली. नंतरही मी बरेच खडे टाकून पाहिले. दर वेळी मला भाजी, हवा किंवा रेल्वेबद्दल अचूक माहिती मिळाली.

इकडे वाचकांचं मात्र एकच म्हणणं असायचं. नाशिकमध्ये मी कुठेही बोलायला गेलो, की शेवटी कोणीतरी उठून विचारायचं: तुम्ही प्रेसवर कधी लिहिणार? जणू देशात दुसरं मशीनच नाही. मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, लिहायचं. आमची प्रेस घ्यायचीच नाही. नकाशात नसलेलं एक गाव घ्यायचं, तिथे एक सरकारी छापखाना बांधायचा, आणि त्याच्या संगणकात बाहेरून कोणीतरी शिरतो आणि नोटांचे क्रमांक बिघडवतो अशी गोष्ट रचायची. संगणकाचा भाग मला येत होता. त्यासाठी मी भरपूर वाचलं, माहीतगार लोकांसमोर भरपूर चुकीचं बोललो आणि तो भाग चोख केला. राहिलं फक्त अकरावं प्रकरण. त्यात नायक छापखान्याच्या आत शिरतो आणि मशिनं चालताना पाहतो. त्याला बाहेरून काही आधारच नव्हता. मी अण्णांना सांगितलं की मी असं असं लिहितोय. ते म्हणाले, “लिही. छापून आलं की बघू.” मग मी दार लावून घेतलं आणि ते सगळं प्रकरण मनानंच लिहून काढलं. खरं सांगायचं तर लिहिताना मला फार मजा आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कोणी दुरुस्त करणार नव्हतं.

पुस्तक आलं. प्रकाशन समारंभ नाशिक रोडलाच ठेवला होता, हॉल भरला होता, बाहेर लोक उभे होते. पहिल्या रांगेत अण्णा नवा शर्ट घालून बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचा सगळा कट्टा. हा कट्टा म्हणजे प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी. रोज संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या बागेत सिमेंटच्या बाकांवर ती जमतात. कांद्याचे भाव, गुडघे, परदेशातली नातवंडं, सगळ्यावर बोलतात. आपण सगळे इतकी वर्षं जिथे एकत्र होतो त्या जागेवर अवाक्षर काढत नाहीत. अण्णा त्या कट्ट्यावर नुसते जात नसत, तर तिथे त्यांना मान होता. सगळ्यांत कमी बोलणारा माणूस म्हणून.

सूत्रसंचालक मुलगी उत्साही होती. तिनं पुस्तक उलटं केलं आणि मलपृष्ठावरचा मजकूर माइकवरून वाचला: ज्या घरात नोटांच्या छपाईचं गुपित वर्षानुवर्षं नांदलं, त्याच घरातून आलेली ही थरारक कहाणी. मग आपल्या पदरचं घातलं, की लेखकाच्या वडिलांचा अनुभव पानापानांत बोलतो, आणि अण्णांकडे हात करून टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. मला दाखवलेल्या मलपृष्ठावर असलं काहीही नव्हतं. शेवटच्या क्षणी प्रकाशकांच्या विक्री विभागाला ते सुचलं होतं. मी व्यासपीठावरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि फक्त ती एक रांग हात मांडीवर ठेवून बसली होती.

मी प्रकाशकांना फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, अहो, पण त्या मजकुरानं पुस्तक धावतंय. मी म्हणालो, धावू दे, पण आधी तो मजकूर काढा. पुढच्या आवृत्तीत काढतो असं त्यांनी कबूल केलं आणि तो काढलाही. पण जी पुस्तकं दुकानांत गेली होती ती गेलीच होती, आणि ती भराभर विकली जात होती. माझं इतकं खपणारं पुस्तक आधी आलं नव्हतं. आणि खपाचा आकडा सांगायला फोन आला की मी तो उचलत नव्हतो.

घरात काय झालं ते मला आईकडून कळलं. समारंभानंतर अण्णा नेहमीसारखे बागेत गेले आणि लगेच परत आले. त्यानंतर गेलेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. अण्णा आणि थंडी! हा माणूस जानेवारीतही गार पाण्यानं आंघोळ करतो. शेवटी भाजीच्या गाडीवर आईला कट्ट्यावरच्या एका काकांची बायको भेटली आणि तिच्याकडून उलगडा झाला. हे काका म्हणजे अण्णांचे सगळ्यात जुने सोबती, दोघं बरोबरच प्रेसमध्ये लागलेले. त्यांनी अण्णांना सगळ्यांसमोर एवढंच विचारलं होतं, “काय रे, तू घरी बोलायचास?”

अण्णा उठून घरी आले होते.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल, म्हणून नीट सांगतो. अण्णांनी आयुष्यात मोठं घर बांधलं नाही, पुढारीपण केलं नाही, कोणावर छाप पाडायचा प्रयत्न केला नाही. त्यांच्याकडे स्वतःचं असं एकच होतं: दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, तोही नोकरी संपल्यावर, कोणी विचारणारं उरलं नसताना. ते जाणणारी माणसं जगात फक्त त्या बाकांवर होती. आणि आता पुस्तक न उघडताच, नुसत्या मलपृष्ठावरून, त्या बाकांवरच्या माणसांना वाटत होतं, की यानं बायकापोरांत बसून सगळं सांगितलं. मला अण्णांची दया आली असं नाही म्हणणार, दया करण्यासारखा तो माणूसच नाही. मला राग आला होता, आणि त्यांची संध्याकाळची चप्पल दारात पडलेली दिसली की तो आणखी वाढायचा.

एका सकाळी अण्णा गॅलरीत ऊन खात वाटाणे सोलत बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो, मूठभर शेंगा घेतल्या. म्हटलं, “अण्णा, यात अवघड काय आहे? कट्ट्यावर जा आणि सांगून टाका, की पोरानं सगळं मनानं लिहिलंय, त्यातलं काहीच खरं नाही.”

अण्णांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे ताटलीत टाकले.

“खरं नाही, हे तरी मी कसं सांगू?” ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि मी गारच पडलो. एखादी गोष्ट चूक आहे म्हणायचं, म्हणजे बरोबर काय ते आपल्याला सांगता येतं हे आलंच. एक गोष्ट चूक म्हटली की जिच्याबद्दल गप्प राहिलो ती बरोबर आहे, हेही कळतं. अण्णांनी हा हिशेब कधीच करून ठेवला होता. म्हणूनच साबुदाण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. स्वतःवर आळ आला तरी तो पुसायला त्यांना तोंड उघडता येत नव्हतं, आणि ते उघडणारही नव्हते. मी विचारलं, तुम्ही ते प्रकरण वाचलंत का? ते म्हणाले, पुस्तक चांगलं जाड झालंय. आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळले.

बायको म्हणाली, तूच जाऊन सांग ना त्यांना. मी म्हणालो, माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? मुलगा बापाची बाजू घेणारच. पण तिच्या बोलण्यानं मी उठलो हे खरं. मला माझी जुनी पद्धत आठवली. सांगून उपयोग नव्हता. त्यांच्यासमोर जाऊन त्यांच्याच कामाबद्दल बोलायचं होतं, आणि गप्प बसून बघायचं होतं.

धोका एकच होता. मी सगळं मनानं लिहिलं होतं, पण मन कुठून काय उचलतं ते कोण जाणे. त्या घरात मी वाढलो होतो. आंधळ्याच्या हाती लागावं तसं एखादं वाक्य चुकून बरोबर लागलं असेल तर? मग अण्णांचं नाव कायमचं गेलंच म्हणायचं. बागेत जाताना, इतकी वर्षं प्रत्येक स्क्रू नीट आवळणारा मी, मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होतो, की माझं लिहिलेलं सगळं चुकीचं असू दे.

कट्टा भरलेला होता. ऊन उतरलं होतं, कानटोप्या चढल्या होत्या, कोणीतरी थर्मासमधून चहा ओतत होतं. अण्णांची बाकाच्या टोकाची जागा तशीच सोडलेली होती. मी सरळ म्हणालो, “काका, मला काही विचारायचं नाही, काही सांगायचंही नाही. मी फक्त अकरावं प्रकरण वाचतो. तुम्ही ऐका. आवडलं नाही तर उठून जा.”

काकांनी दुसरीकडे बघत हात हलवला, म्हणजे वाच.

मी उभा राहूनच वाचायला लागलो. लोखंडी दरवाजा सरकला, निळा झोत नायकाच्या डोळ्यांवरून फिरला. सगळे बाकांवर दगडासारखे बसलेले. समारंभात बसले होते तसेच. हातमोजे घातलेला यंत्रमानव कागदाचा गठ्ठा उचलून आला. कोणी हललं नाही. दालनाच्या मध्यभागी तीन मजली उंचीचं यंत्र धडधडत होतं आणि त्याच्या तोंडातून गरम नोटांचा धबधबा खालच्या टोपल्यांत कोसळत होता. एक जण खोकला. मी वाचत राहिलो. पांढऱ्या दाढीचे मुख्य तंत्रज्ञ पुढे झाले, त्यांनी ओल्या शाईत बोट बुडवलं, ते जिभेला लावलं, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, ‘निळा थोडा कमी आहे.’

खोकणाऱ्यानं चष्मा काढला आणि तो पुसायला लागला. त्याच्या शेजारचा मान वर करून झाडाकडे बघायला लागला, पण त्याचं पोट हलत होतं. तिसऱ्यानं त्याला कोपर मारलं आणि दबक्या आवाजात दटावलं, “हसू नको रे, पोराला कळंल ना.” आणि ते बोलता बोलता त्यालाच फुटलं. मग काही राहिलं नाही. अख्खा कट्टा हसत सुटला. थर्मासवाल्याच्या हातातला चहा हिंदकळला. बागेत फेऱ्या मारणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. माझी, तांत्रिक अचूकतेबद्दल प्रसिद्ध लेखकाची, भर बागेत शोभा झाली होती, आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. नेमकं कुठलं वाक्य चुकलंय, हे मी आजही सांगू शकत नाही. काका डोळे पुसत होते, पण कोणी एक शब्द बोललं नाही. चूक असं म्हणालं नाही, बरोबर असं म्हणालं नाही. शब्द सगळ्यांनीच दिलेला होता.

काकांनी खिशातून फोन काढला. “खाली ये,” ते म्हणाले. “हां, आत्ता. थंडीबिंडी काय नाय, ये तू. तुझ्या पोराला परत पहिल्यापासून वाचायला लावतोय.”

अण्णा आले. कानटोपी नव्हती, स्वेटर नव्हता. कोणी त्यांची माफी मागितली नाही. काका नुसते बाकाच्या टोकापासून जरा सरकले आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. अण्णा बसले. मी पुन्हा लोखंडी दरवाज्यापासून सुरुवात केली. या वेळी कट्ट्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. अण्णांचा चेहरा कोरा होता. निळा झोत गेला, यंत्रमानव गेला. धबधब्याला अण्णांनी कप खाली ठेवला. तंत्रज्ञांनी जिभेला बोट लावलं, आणि अण्णांचे खांदे हलायला लागले. त्यांनी ओठ घट्ट मिटले, रुमाल तोंडावर धरला, खाली मान घातली. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तेव्हा ते मोठ्यानं हसले. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते, मधेच थांबत होते, एकमेकांकडे बघत होते आणि पुन्हा हसत होते. मी घरात इतकी वर्षं काढली, पण अण्णांचं असलं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

पुढे त्या पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. जाणकार वाचक कळवतात, की बाकी पुस्तक अव्वल आहे, पण अकरावं प्रकरण निव्वळ थापा आहेत, आम्ही दुरुस्त करून देऊ का? मी आभार मानतो आणि नको म्हणून कळवतो. त्यातला स्वल्पविरामसुद्धा मी हलवलेला नाही.

अण्णा रोज कट्ट्यावर जातात. प्रेसमध्ये ते काय करायचे हे मला अजून माहीत नाही आणि आता ते विचारण्याची इच्छाही उरलेली नाही. लहानपणापासून मला वाटायचं, की ज्या कामाबद्दल बोलायचंच नाही ते काम ओझ्यासारखंच असणार; भोंगा झाला की माझे वडील एका बंद जागेत जातात आणि दिवस संपला की सुटतात. त्या संध्याकाळी काकांच्या खांद्याला धरून हसणारा माणूस कुठून सुटून आलेला नव्हता. त्या बंद जागेत ते दोघं जण तरुण होते, आणि आयुष्यभर मजेत होते.